लंडनमध्ये एचआयव्हीची चाचणी: नव्याने येणाऱ्यांसाठी

लंडनला नव्याने आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात सगळं विचारून घेतात: खोली, बँकेचं खातं, तूरडाळ कुठे बरी मिळते. एचआयव्हीच्या चाचणीबद्दल मात्र कोणी विचारत नाही, आणि विचारलंच तर ‘माझ्या एका मित्राला हवं होतं’ म्हणून विचारतात. हरकत नाही, मित्रासाठी म्हणून वाचा. इथे बरीच वर्षं राहिलेल्या आम्हा काही घरांनी मिळून हे लिहिलंय. आमच्यातल्या काहीजणी एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, नोकरी करतात, त्यामुळे ऐकीव माहिती यात कमी आहे.

पहिला प्रश्न पैशांचा असतो. एक पेनीही लागत नाही. विद्यार्थी असा, नोकरीच्या व्हिसावर असा, व्हिसा संपलेला असो, किंवा आईवडील पाहुणे म्हणून आलेले असोत, चाचणी मोफतच आहे. ऑक्टोबर २०१२ पासून इंग्लंडमध्ये एचआयव्हीचे उपचारही सगळ्यांना मोफत आहेत. तरीही आपली माणसं खाजगी क्लिनिकात पाउंड मोजून येतात. पैसे भरले की बोभाटा होत नाही, हा समज आपण घरून बरोबर आणतो. इथे उलटं आहे. गुप्तता सगळ्यात चांगली सरकारी क्लिनिकातच पाळली जाते.

या सरकारी क्लिनिकाला सेक्शुअल हेल्थ क्लिनिक म्हणतात. जीपीची, म्हणजे वस्तीतल्या फॅमिली डॉक्टरची, चिठ्ठी लागत नाही, जीपीकडे नोंदणीही लागत नाही. एनएचएसच्या साइटवर पोस्टकोड टाकला की जवळची क्लिनिकं दिसतात. सोहोमधलं ‘५६ डीन स्ट्रीट’ सगळ्यात प्रसिद्ध. हॅरोत किंवा हाउन्स्लोत राहणाऱ्यांना एकच धास्ती असते, वेटिंग रूममध्ये मंडळातल्या काकू भेटल्या तर? मग ट्यूबने लांबच्या क्लिनिकात जा. आपल्याच वस्तीतलं गाठलं पाहिजे असा नियम नाही. खरं नाव सांगायचं नसेल तर दुसरं सांगा, फक्त निकालासाठी फोन नंबर खरा द्या. तुमच्या संमतीशिवाय क्लिनिक जीपीला काही कळवत नाही. जीपीकडेही चाचणी होते, पण ती तुमच्या तिथल्या फायलीत नोंदली जाते.

आत नर्स सरळ विचारते: संबंध कोणाशी, पुरुषाशी की बाईशी, कधी, कॉन्डोम होता का. आवाज असा की जणू चहात साखर किती विचारतेय. तुम्हीही तसंच सरळ सांगा. तपासायला बाईच हवी किंवा पुरुषच हवा, असं मागता येतं. इंग्रजी अडत असेल तर दुभाष्या मागा, पण चुलतभावाला दुभाष्या म्हणून नेऊ नका.

क्लिनिकात पाऊल टाकायचं धैर्य होत नसेल तर ‘सेक्शुअल हेल्थ लंडन’कडून घरपोच किट मागवता येतं. तेही मोफत. बोटाला टोचून छोट्या नळीत रक्त भरायचं असतं, आणि इथेच बहुतेकांचं अडतं. लंडनच्या थंडीत बोटातून रक्त येतच नाही. आधी पाणी प्या, हात गरम पाण्यात धरा, उभं राहा, हात खाली सोडा आणि मगच टोचा. नळी खुणेपर्यंत भरली पाहिजे, नाहीतर नमुना बाद होऊन सगळं पुन्हा करावं लागतं. भरलेली नळी टपालखर्च आधीच भरलेल्या पाकिटातून पोस्टात टाकायची. फेब्रुवारीत एचआयव्ही चाचणी सप्ताह असतो, तेव्हा लंडनबाहेर इंग्लंडभरही मोफत किट मागवता येतात.

वेळेचं गणित मात्र पाठ करा. प्रयोगशाळेतल्या चाचणीचा निगेटिव्ह निकाल पक्का धरायला संबंधानंतर ४५ दिवस जावे लागतात. बोटाच्या थेंबावर लगेच निकाल देणाऱ्या चाचणीला ९०. कालच्या रात्रीची भीती असेल तर चाचणीची वाट बघत बसू नका. ७२ तासांच्या आत लागण रोखणाऱ्या पेप नावाच्या गोळ्या सुरू करता येतात, जितक्या लवकर तितकं बरं. त्या २८ दिवस घ्यायच्या. क्लिनिक बंद असेल तर थेट ए अँड ई, म्हणजे रुग्णालयातला तातडीचा विभाग, गाठा. धोका वारंवार येत असेल तर आधीच घ्यायच्या प्रेप गोळ्याही क्लिनिकात मोफत मिळतात.

न मागताही चाचणी होते, हे ऐकून काहीजण दचकतात. गरोदर बाईला ती पहिल्या तपासण्यांबरोबरच देऊ करतात. त्यात तुमच्यावर संशय नाही, सगळ्यांनाच विचारतात. एप्रिल २०२२ पासून लंडनच्या ए अँड ईमध्ये रक्त काढलं की एचआयव्हीचीही चाचणी करतात. नको असेल तर तसं सांगायचं.

किटचा निकाल ‘रिअॅक्टिव्ह’, म्हणजे लागणीची शक्यता दाखवणारा, आला तर तो शेवटचा शब्द नसतो, दुसऱ्या चाचणीने खात्री करतात. खरंच पॉझिटिव्ह निघालात तरी व्हिसा जात नाही. इथल्या लांब मुदतीच्या व्हिसासाठी भारतातून टीबीची तपासणी करून यावी लागते, म्हणून एचआयव्हीचीही असेल असं लोक धरून चालतात. ती नाही. गोळ्या नियमित घेऊन विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही की संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. नोकरीतल्या मालकाला सांगणं साधारणपणे बंधनकारक नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर-नर्सचे नियम वेगळे आहेत, त्यांनी ऑक्युपेशनल हेल्थशी बोलावं. बोलायला कोणी हवं असेल तर टेरेन्स हिगिन्स ट्रस्टची हेल्पलाइन आहे: ०८०८ ८०२ १२२१.

सुट्टीत गावी असताना गरज पडली तर सरकारी रुग्णालयातलं आयसीटीसी केंद्र विचारा. तिथे चाचणी आणि समुपदेशन मोफत असतं. भारतातल्या एचआयव्ही हेल्पलाइनचा मोफत नंबर १०९७, त्यावर मराठीत बोला.