हायड्रोजन : उद्याचे इंधन की उसनवारी?

गेल्या वर्षी वक्तृत्वस्पर्धेत मी ‘उद्याचे इंधन’ या विषयावर बोललो. “उद्या पाण्यावर गाड्या धावतील” या वाक्याला टाळ्या पडल्या. घरी येऊन तेच भाषण मी वडिलांना ऐकविले. वडील मालमोटार चालवितात. त्यांनी एवढेच विचारले, “अरे, पण हा वायू निघतो कुठून? त्याच्या विहिरी आहेत का?” मला उत्तर देता आले नाही. त्या उत्तराच्या शोधातून प्रस्तुत लेख सिद्ध झाला आहे.

कल्पना जुनीच आहे. १७६६ साली कॅव्हेंडिशने हा वायू वेगळा ओळखला. लाव्हाझिएने त्याला ‘पाणी निर्माण करणारा’ या अर्थाचे नाव दिले, कारण तो जळला की पाणी तयार होते. १८३९ साली ग्रोव्हने हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज मिळविली. आजच्या इंधन घटाचे मूळ तेच. एक किलो हायड्रोजनमध्ये जवळजवळ पावणेतीन किलो डिझेलइतकी ऊर्जा असते आणि इंधन घटातून बाहेर पडते ती केवळ वाफ. मग अडते कोठे?

अडते ते वडिलांच्या प्रश्नापाशी. मोकळा हायड्रोजन निसर्गात फार थोडा सापडतो. तो पाण्यातून किंवा नैसर्गिक वायूतून सोडवावा लागतो. आज जगातला बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू व कोळसा यांपासूनच काढतात आणि त्यात कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढावयाचा तर सुमारे ५५ युनिट वीज लागते. तात्पर्य, हायड्रोजन ही कमाई नव्हे. विजेकडून घेतलेली उसनवारी आहे.

आता हिशेब पाहू. शंभर युनिट विजेतून हायड्रोजन काढला, दाबून टाकीत भरला आणि इंधन घटातून पुन्हा वीज केली, तर चाकापर्यंत तीस-पस्तीस युनिट पोहोचतात. तीच वीज सरळ बॅटरीत भरली, तर सत्तरांहून अधिक पोहोचतात.

थंड देशांतील घरे उबदार ठेवण्याचा प्रश्नही असाच आहे. शंभर युनिट विजेच्या हायड्रोजनवर शेगडी पेटविली तर साठ-सत्तर युनिट उष्णता मिळते. फ्रीजचे यंत्र उलटे चालवावे तसा उष्णतापंप मात्र बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरात सुमारे तीनशे युनिट आणून देतो. इंग्लंडमध्ये रेडकार येथे घरोघरी हायड्रोजन पुरविण्याचा प्रयोग ठरला होता. पुरेसा हायड्रोजन मिळण्याची खात्री नाही म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये तो सोडून देण्यात आला. वडिलांचाच प्रश्न तेथेही आडवा आला म्हणावयाचा!

मग हायड्रोजन निरुपयोगी का? मुळीच नाही. अलिबागजवळ थळच्या कारखान्यात युरिया होतो. त्यासाठी लागणारा अमोनिया हायड्रोजनवाचून होत नाही. लोहखनिजापासून पोलाद करतानाही कोळशाऐवजी हायड्रोजन वापरता येतो. जेथे नुसत्या विजेने भागत नाही, तेथे त्याला पर्याय नाही. भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेत २०३० पर्यंत दरवर्षी ५० लाख टनांचे उद्दिष्ट आहे. तो पहिल्याने खत व पोलाद यांकडे जावा, असे मला वाटते.

हे सारे वडिलांना सांगितले. ते म्हणाले, “म्हणजे माझी गाडी बॅटरीवर चालणार?” लांब पल्ल्याच्या अवजड गाड्यांबाबत बॅटरीचे वजन आणि ती भरण्यास लागणारा वेळ या अडचणी आहेत, तेथे कदाचित हायड्रोजनला वाव राहील. पण ‘कदाचित’ हा शब्द मी या वेळी मुद्दाम वापरला. मागल्या भाषणात तो एकदाही नव्हता.

मित्रहो, कोणी नवे इंधन दाखविले की टाळी वाजविण्यापूर्वी एवढेच विचारावे : ते येते कुठून आणि वाटेत किती सांडते?