युद्धकाळ, वंश आणि संविधान

कायद्यापुढील समानता हे तत्त्व शांततेच्या काळात सर्वांनाच मान्य असते. त्याची खरी कसोटी युद्धकाळात लागते. आपल्या प्रजासत्ताकाची अशी कसोटी १९६२ साली लागली. त्या वर्षाची लढाई आपण शिकतो, शिकवतो. परंतु त्याच वर्षी वंशावरून बंदिवान झालेल्या माणसांचा धडा सहसा शिकवला जात नाही.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले. २६ ऑक्टोबरला आणीबाणी जाहीर झाली. पाठोपाठ राष्ट्रपतींच्या आदेशांनी अनुच्छेद २१ व २२ मधील हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग रोखला गेला. परकीयांविषयीच्या कायद्याचीही व्याप्ती वाढवण्यात आली. ज्याच्या आईवडिलांपैकी किंवा आजीआजोबांपैकी कोणीही कधीकाळी शत्रुराष्ट्राचे नागरिक होते, तो येथे जन्मलेला असला तरी परकीय कायद्याच्या कक्षेत आला. माणसाने काय केले हा प्रश्न मागे पडला आणि त्याचा आजोबा कोण हा प्रश्न पुढे आला.

आसाममधील माकुम येथे चहाच्या मळ्यांसाठी आणलेल्या चिनी मजुरांचे वंशज राहत. त्यांच्या घरांत आसामी, बंगाली, आदिवासी स्त्रिया सुना म्हणून आल्या होत्या. नोव्हेंबरमध्ये ही कुटुंबे मुलाबाळांसह रेल्वेने राजस्थानातील देवळी येथील छावणीत नेण्यात आली. (हे आपल्या वर्धा जिल्ह्यातील देवळी नव्हे.) ईशान्य भारत, दार्जिलिंग आदी भागांतून सुमारे ३,००० लोक तेथे खटल्याविना ठेवले गेले. शेवटचे बंदी १९६७ मध्ये सुटले. परतल्यावर अनेकांना घरही उरले नव्हते. ते शत्रूची मालमत्ता म्हणून लिलावात गेले होते. मुंबईतील माझगावची चिनी वस्तीही त्या युद्धानंतर ओसरत गेली.

जन्मावरून संशयित ठरवणे आपल्या समाजाला अपरिचित नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींचे मूल पाळण्यातच गुन्हेगार ठरवले. सोलापूरची तारेच्या कुंपणातील वसाहत आजही ‘सेटलमेंट’ याच नावाने ओळखली जाते. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांत तोच विचार नव्या नावाने परतला.

याच काळातील दुसरे उदाहरण पाहावे. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या कारागृहात स्थानबद्ध असलेले कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले. हस्तलिखित बाहेर पाठवण्यास शासनाने नकार दिला. उच्च न्यायालयाने ती परवानगी दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. नियमात नसलेले बंधन स्थानबद्धावर लादता येत नाही, असा त्याचा अर्थ. म्हणजे न्यायालयाचे दार पूर्ण बंद नव्हते. परंतु तेथवर पोहोचण्यासाठी कायद्याचे ज्ञान आणि पाठीशी उभी राहणारी माणसे लागत. माकुमच्या सुताराजवळ आणि दुकानदाराजवळ ती नव्हती.

अटकेची कारणे सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे ही हमी देणारे कलम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेत मांडले. तेच आजचे अनुच्छेद २२. ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर अनुच्छेद २० व २१ यांची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. अनुच्छेद २२ ला मात्र ते संरक्षण नाही, आणि ‘शत्रुदेशीय परकीय’ व्यक्तीला त्यातील या हमी मिळतच नाहीत. म्हणूनच शत्रू कोणाला म्हणायचे, हे वंशावरून ठरू लागले की हमी कागदावरच राहते.

अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले. १९८८ मध्ये कायदा करून तिने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. देवळीत बालपण घालवलेली माणसे आता वृद्ध झाली आहेत. त्यांचीही मागणी प्रथम माफीची आहे.

माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी अनुच्छेद २२ घरी मुलांसोबत एकदा अवश्य वाचावे. उद्या एखाद्या समूहाकडे बोट दाखवून ‘हे सगळे तसलेच’ असे कोणी म्हणाले, तर या माणसाने नेमके काय केले, एवढे विचारण्याचे धैर्य त्या वाचनातून मुलांना मिळेल.