भाचेबुवा, आधी खडू लावा

पूल पार्लरच्या फेऱ्या सुरू झाल्यात, असं ताईच्या फोनवरून कळलं. तिला माझ्या नावाने सांग, स्नूकर १८७५ साली आपल्या जबलपुरातच नेव्हिल चेंबरलेन या फौजी अधिकाऱ्याने काढला असं मानतात (पंतप्रधान झाला तो चेंबरलेन वेगळा). आणि पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. तेव्हा हा खेळ टवाळांचाच, असं काही नाही. ताई एवढ्यावर गप्प बसेल. तुझ्यासाठी मात्र पुढचं.

१. स्टँडवरचा हाताला लागेल तो क्यू उचलू नकोस, आधी टिप बघ — चपटी, चकचकीत झालेली टिप पांढऱ्या बॉलवरून घसरते आणि तो ‘खट्ट’ आवाज अख्ख्या हॉलला ऐकू जातो.

२. प्रत्येक शॉटआधी खडू लाव, पण गरगर फिरवू नकोस, हलकेच पुस — फिरवला की खडूला मध्ये खड्डा पडतो नि टिपेच्या कडा कोऱ्याच राहतात. खडू वाचवी, तो गेम गमावी.

३. खडू ठेवताना त्याचं तोंड वर — नाहीतर निळा रंग टेबलाच्या लाकडावर, तिथून तुझ्या बाहीवर, आणि बाहीवरून ताईच्या नजरेत.

४. उभ्या उभ्याच नेमाची रेघ बघ, मग वाक — ओणवा झाल्यावर नेम बदललास तर नुसता हात सरकतो, अंग जुन्याच रेघेवर राहतं. जुळत नसेल तर सरळ उठ नि पुन्हा वाक. कुणी हसत नाही.

५. मागच्या हाताची पकड सैल, पातळ पोळीला लाटण्यावर देतात तेवढाच जोर — मूठ आवळली की ऐन वेळी क्यू तिरका जातो.

६. बॉल पडतोय का ते बघायला लगेच उठू नकोस — डोकं वर आलं की खांदा येतो, खांद्यामागून क्यू. पडला तर आवाज येईलच की!

७. जोर निम्मा कर — सावकाश आलेला बॉल पॉकेटच्या कडेला लागूनही आत घरंगळतो, जोरात आलेल्याला तीच कड बाहेर फेकते.

८. साइड मारायची हौस वर्षभर तरी आवर — पांढऱ्याला डावीकडे ठोकलंस की तो किंचित उजवीकडे निघतो, आणि तुला वाटतं नेमच चुकला.

९. इथे जरा थांब, कारण सगळी मेख इथेच आहे. पॉट दिसला की तू धावतोस. त्याआधी पांढरा कुठे थांबणार ते ठरव — एक बॉल कुणीही पाडतो, पाठोपाठ तीन पाडणाऱ्याच्या पांढऱ्याला मुक्काम माहीत असतो. हे शिकायचं तर अधूनमधून बिलियर्ड्स खेळ. बॉल तीनच, लाल पाडला तर ३ गुण, कॅनन झाला (एकाच फटक्यात पांढरा दोन्ही बॉलांना लागला) तर २, त्यामुळे प्रत्येक फटक्यानंतर तिन्ही बॉल कुठे उरले याचाच हिशेब करावा लागतो. गंमत म्हणजे दुसऱ्या बॉलला लागून पांढरा पॉकेटात गेला, की पूलमध्ये गुन्हा आणि बिलियर्ड्समध्ये गुण!

१०. रेस्ट, म्हणजे क्यू टेकवायची लांब काठी, मागायला लाजू नकोस — स्नूकरचं टेबल १२ फुटी आहे, तुझा हात नाही. टेबलावर आडवा पडलास आणि शर्टाचं टोक बॉलला लागलं तरी फाउल.

११. आठ-बॉलमध्ये तुझे सगळे संपेपर्यंत काळ्याकडे बघूही नकोस — आधी पडला तर गेम तिथेच हरलास. काळ्याची घाई, समोरच्याला मिठाई.

१२. चिकटून बसलेले बॉल सुरुवातीलाच सोडव — शेवटी ते दोनच उरतात आणि तू टेबलाभोवती नुसत्या प्रदक्षिणा घालतोस.

१३. पॉट नसेल तर नाही. पांढरा कुशनला नेऊन ठेव — समोरच्याला अवघड देणं यात भित्रेपणा काही नाही.

१४. फाउल झाला तर स्वतःच सांग — स्नूकरमध्ये ४ ते ७ गुण जातील, पण पुढच्या वेळी लोक तुझ्याबरोबर खेळतील.

१५. चहाचा ग्लास टेबलाच्या कडेवर नको, मोबाइलही नको — कापड एकदा डागलं की मालक विसरत नाही. आणि दुसऱ्याच्या नेमासमोर उभा राहू नकोस.

१६. टेबल तासावर असतं. पैसे हरणाऱ्याने भरायचे की अर्धे अर्धे, हे ब्रेकच्या आधी बोलून घे — हरल्यावर कुणाचीच स्मरणशक्ती चांगली राहत नाही.

रविवारी सकाळी जात जा. तेव्हा गर्दी नसते आणि एकट्याला टेबल मिळतं. सरळ रेषेतला एकच शॉट तासभर मारत बस. कंटाळा येईल, तरी मार.