मांसासाठी ससेपालन : पैदाशीची निवड

न्यूझीलंड व्हाइटसारख्या मांसल जातीतही एकाच वेतातील पिलांची वाढ सारखी नसते. लवकर वजनास भरलेले पिलू आधी विकले जाते व मंद वाढीचे पैदाशीस उरते. अशाने कळप पिढ्यान्‌पिढ्या निकृष्ट होतो.

दूध तुटेपर्यंतची वाढ बरीचशी आईच्या दुधावर व पिलांच्या संख्येवर अवलंबून असते. पुढील वाढीत आनुवंशिक गुण अधिक प्रकट होतो. यास्तव दूध तोडताना व १२ आठवड्यांच्या वयास वजने नोंदवावीत. एकाच वेतातील पिलांची तुलना करून उत्तम माद्या राखाव्यात. नर मात्र परक्या कळपातील आणावा.

अलिबाग-श्रीवर्धनकडील दमट उन्हाळ्यात नराची प्रजननशक्ती मंदावते. पिंजरे नारळी-पोफळीच्या वाडीत, हवेशीर सावलीत ठेवावेत.