पत्ता मुंबईचा, सर्व्हर कोल्हापुरात

मुंबईच्या डेटा सेंटरमधले पब्लिक आयपी कोल्हापूरच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर आणायचे, हे माझं आवडीचं काम. त्यातून शिकलेलं:

१. आधी ऑफिसची लाइन तपासा. राउटरच्या वॅन बाजूला १००.६४ ते १००.१२७ यांतला पत्ता दिसला, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. बाहेरून कुणी तिथे पोचू शकत नाही, म्हणून मुंबईच्या डेटा सेंटरमधल्या आपल्या व्हीपीएसकडे (व्हर्च्युअल सर्व्हरकडे) टनेल आतूनच काढावा लागतो. वायरगार्डमध्ये ऑफिसच्या टोकाला २५ सेकंदांचा कीपअलाइव्ह ठेवा; नाहीतर लाइन शांत असताना नॅटमधली नोंद पुसली जाते.

२. डेटा सेंटरकडे आयपी ब्लॉक मागताना ‘आमच्या व्हीपीएसकडे राउट करून द्या’ असं स्पष्ट सांगा. मग फॉरवर्डिंग चालू केलं, एक राउट लिहिला, की ब्लॉक टनेलमध्ये जातो. नाहीतर प्रॉक्सी एआरपी करावं लागतं.

३. खरं काम परतीच्या वाटेचं. पॅकेट सर्व्हरपर्यंत येतं, पण उत्तर डिफॉल्ट राउटने ऑफिसच्या ब्रॉडबँडवरून निघतं आणि त्यावर सोर्स पत्ता मुंबईचा असतो. प्रोव्हायडर ते टाकून देतो. त्यानं टाकावंच, खोट्या सोर्स पत्त्यांचे हल्ले असेच अडतात आणि मे २००० मधलं बीसीपी ३८ हेच सांगतं. म्हणून सर्व्हरवर वेगळं राउटिंग टेबल करा, त्याचा डिफॉल्ट टनेलमध्ये द्या आणि ‘या पब्लिक आयपीवरून निघालेलं त्या टेबलात’ असा नियम लिहा. ऑफिसच्या टोकाला अलाउड आयपीजमध्ये ०.०.०.०/० हवं, नाहीतर जगभरातून येणारी पॅकेट्स वायरगार्डच नाकारतं.

पुष्कळजण हे टाळून व्हीपीएसवर मास्करेड लावतात. मला ते पटत नाही. मग लॉगमध्ये प्रत्येक पाहुणा व्हीपीएसचाच पत्ता घेऊन येतो. मेल सर्व्हरला स्पॅम पाठवणारा ओळखता येत नाही, आणि तो पत्ता विश्वासाच्या यादीत असेल तर कुणीही तुमच्या मेल सर्व्हरमधून मेल पाठवू शकतं.

४. पिंग चालतं, पण पान अर्ध्यावर अडकतं? एमटीयू बघा. वायरगार्डचा १४२० असतो; व्हीपीएसवर एमएसएस क्लॅम्प लावा.

५. टनेलमधून येणारं ऑफिसच्या फायरवॉलला दिसत नाही. आयपी जोडण्याआधी सर्व्हरवरच नियम लावा; नवा पत्ता जिवंत झाला की स्कॅनर लगेच दार ठोठावतात.