चौदा-चौदाच्या तीन तुकड्या : कासव, बेडूक आणि आपला खरमोर





गेल्या महिन्यात एक पालक शाळेच्या कार्यालयात आले आणि त्यांनी एक गुळगुळीत रंगीत पत्रक माझ्या टेबलावर ठेवले. फक्त बारा पाहुणे, सोबत दोन तज्ज्ञ, पाच रात्री, वर्षावन आणि समुद्रकिनारा, असे त्यात होते. तंबू वातानुकूलित, न्याहारीला चार प्रकारची फळे. माणशी रक्कम वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. पालकांचे म्हणणे असे, "मॅडम, एवढी महाग सहल आपल्याला जमणार नाही हे मला ठाऊक आहे. पण आपल्या मुलांनी दरवर्षी मांडू, महेश्वर आणि ओंकारेश्वर एवढेच पाहायचे का? धार-देवासच्या मुलाने समुद्र आणि खरे जंगल कधी पाहायचे?"

प्रश्न रास्त आहे. म्हणून या अंकातील पाठ त्यावरच घेते. आमचे घर मराठी, पण शाळा-कॉलेज सगळे हिंदीतून झाले, त्यामुळे 'कछुआ' हा शब्द माझ्या जिभेवर आधी येतो आणि 'कासव' नंतर. भाषेत चूक दिसल्यास मराठीच्या बाईंनी लाल पेन काढावे.

आधी माझी एक चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी आठवीची ४६ मुले आणि चार शिक्षक एका बसमध्ये बसवून मी कोकणातल्या एका किनाऱ्यावर कासवाची पिल्ले पाहायला नेली होती. शनिवारची संध्याकाळ होती, आमच्या आधीच तिथे तीन-चारशे माणसे दोरीमागे उभी होती. पिल्ले वाळूवर सोडली आणि मागून रेटा सुरू झाला. अंधारून येत होते. आपल्या एका मुलाने नीट दिसावे म्हणून मोबाईलचा टॉर्च लावला आणि दोन पिल्ले समुद्राकडे पाठ करून सरळ आमच्याकडे वळली. तिथला कार्यकर्ता ओरडला, मुलगा रडू लागला. मागच्या रांगेतल्या मुलांनी त्या दिवशी काय पाहिले म्हणाल, तर लोकांच्या पाठी. दोष त्या मुलाचा नव्हता. एका दोरीमागे ४६ मुले उभी करणारी मी होते.

पिल्ले का वळली, हा आजचा पाठ.

कोकणात येते ते बहुतेक ऑलिव्ह रिडले जातीचे समुद्री कासव. मादी साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी खड्डा करते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. परत पाहायला येत नाही. ४५ ते ६० दिवस वाळूची ऊबच अंडी उबवते. गंमत अशी की पिल्लू नर होणार की मादी, हेही वाळू ठरवते. वाळू थोडी थंड असली तर नर जास्त, गरम असली तर माद्या जास्त. पिल्लू वर येते तेव्हा त्याला आई नसते आणि वाटाड्याही नसतो. अंधारात समुद्राकडचे आकाश जमिनीपेक्षा उजळ असते आणि किनाऱ्याचा उतारही तिकडेच असतो, एवढ्यावर ते चालते. लाखो वर्षे हा हिशेब चुकला नाही, कारण जमिनीकडे दिवे नव्हते. आता हॉटेलचा दिवा, गाडीचा दिवा, मोबाईलचा दिवा समुद्रापेक्षा उजळ दिसतो. हजार पिल्लांतून एखादेच मोठे होते असा अंदाज सांगतात. त्यातून दोन आपण उलटी फिरवायची म्हणजे काय, ते तुम्हीच पाहा.

वाळूतल्या अंड्यांची गोष्ट आपल्याला परकी नाही. आपल्याच जिल्ह्यात बाग आणि कुक्षीच्या बाजूला डायनोसॉरची ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याचे संशोधन २०२३ साली प्रसिद्ध झाले. तीही अशीच उथळ खड्ड्यात पुरलेली. त्याही पूर्वी नर्मदेच्या खोऱ्यातून समुद्र आत आला होता, म्हणून बागच्या खडकात शार्क माशाचे दात सापडतात. धारच्या मुलाने समुद्र पाहिला नाही, पण धारने पाहिला आहे.

आता वेळासकडे येऊ. हे गाव रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीजवळ आहे. नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून इतिहासाच्या तासाला तुम्ही ते ऐकलेले आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडाच्या पाहणीसाठी किनारा फिरत असताना २००२ साली त्यांना वेळासला कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. तेव्हा अंडी माणसे उकरून नेत, उरलेली कोल्ही-कुत्री खात. ऑलिव्ह रिडले कायद्याने संरक्षित आहे, ते मारणे किंवा त्याची अंडी नेणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. पण रात्री दोन वाजता किनाऱ्यावर कायदा उभा नसतो. तिथे गावातला माणूसच उभा करावा लागला. गावकऱ्यांनी पहाटे किनारा फिरायचा, घरटे सापडले की अंडी अलगद काढून कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची आणि वर टोपली पालथी घालायची, अशी पद्धत बसली. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलतात. पिल्ले असली तर पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडतात, म्हणजे ती स्वतः चालत जातील.

२००६ पासून तिथे कासव महोत्सव सुरू झाला. पाहुण्यांसाठी मोठे हॉटेल उभे राहिले नाही. लोक गावकऱ्यांच्या घरात उतरतात, ओटीवर किंवा माजघरात सतरंजीवर झोपतात, घरच्या काकू वाढतील ते जेवतात. पैसा त्या घरात जातो. ज्या घरात कधीकाळी अंडे शिजले असेल, त्याच घरात आता कासव जगल्यामुळे चार पैसे येतात. पुढे या कामात वनखात्यानेही हात घातला आणि कोकणातल्या इतर गावांनीही ते उचलले. २०२२ साली कोकण किनाऱ्यावरच्या पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला खूण देणारी यंत्रे बसवली, त्यांतल्या एकीचे नाव रेवा, म्हणजे आपल्या नर्मदेचेच. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये खूण केलेली एक मादी तर २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. भारताचा नकाशा काढा आणि ती कुठून कशी आली असेल ती रेघ ओढून पाहा.

असे असले तरी वेळासचेही सगळे गोड नाही. सुट्टीच्या दिवशी तिथेही गर्दी लोटते, आणि गर्दीत माझ्यासारखे शिक्षकही असतात.

जगात या गर्दीचा विचार कसा करतात? मध्य अमेरिकेत कोस्टारिका नावाचा छोटा देश आहे. तिथे तोर्तुगेरो येथे वर्षावन थेट समुद्राला भिडलेले आहे आणि किनाऱ्यावर हिरवी समुद्री कासवे अंडी घालतात. रात्री किनाऱ्यावर परवानाधारक वाटाड्याशिवाय जाता येत नाही, एका वाटाड्यामागे दहापेक्षा जास्त पाहुणे नाहीत, कपडे गडद रंगाचे, कॅमेरा बंद. आफ्रिकेत रुआंडाच्या डोंगरी वर्षावनात गोरिला पाहायचा तर एका कळपापुढे दिवसाला फक्त आठ माणसे आणि तीही एक तास. त्या एका तासाचा परवाना २०१७ पासून १५०० डॉलर आहे! वाचून राग येतो ना? मलाही आला. पण पुढे वाचा. उद्यानाच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग भोवतालच्या गावांना द्यायचा असे ठरलेले आहे, त्यातून शाळा-दवाखाने होतात. विरुंगाच्या डोंगरात १९८१ च्या मोजणीत गोरिला अडीचशेच्या आसपास राहिले होते. २०१५-१६ च्या मोजणीत ते ६०४ भरले. तेव्हा पैसा जास्त घेतला म्हणून सहल वाईट, असे मी म्हणणार नाही. पैसा जास्त घेऊन माणसे कमी केली आणि तो पैसा प्राण्याच्या शेजाऱ्यापर्यंत पोचला, तर ती चैनही कामाची.

म्हणून त्या पत्रकावरच्या क्रमांकावर मी दूरध्वनी केला. बोलणारी मुलगी फार गोड होती. तंबूच्या गाद्यांविषयी सगळे सांगितले. गावाला यातले किती मिळते, असे विचारल्यावर म्हणाली, "मॅडम, ते मी विचारून सांगते." अजून सांगितलेले नाही.

त्या पत्रकातल्या वर्षावनाविषयी थोडक्यात. त्यासाठी आपल्याला परदेशी जायला नको. सावंतवाडीच्या वर आंबोली आहे. आपल्याकडे वर्षभरात मीटरभराच्या आसपास पाऊस पडतो, आंबोलीला त्याच्या सहा-सात पट. तिथला आंबोली टोड हा इवलासा भेक त्या परिसराबाहेर फारसा कुठे आढळत नाही. तिथल्या हिरण्यकेशीच्या उगमाच्या कुंडात सापडलेल्या माशाची नवी जात २०२० साली जाहीर झाली आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. पावसाळ्याच्या रात्री बेडूक रस्त्यावर येतात आणि धबधबा पाहून परतणाऱ्या गाड्यांखाली चिरडतात. वाघ सगळ्यांना दिसतो, अंगठ्याएवढा बेडूक ब्रेक लावण्याइतका मोठा वाटत नाही. जुलैत मुलांना तिकडे नेण्याची माझी हिंमत नाही, घाटात दरडी कोसळतात. मोठे झाल्यावर जा, चार-सहा जण जा आणि रात्री पायी चाला.

आता घरची गोष्ट, आणि हीच मला जास्त टोचते. धारपासून जवळच सरदारपूर येथे खरमोर अभयारण्य आहे. मराठी पुस्तकात याला तणमोर म्हणतात. कोंबडीएवढा पक्षी, पावसाळ्यात गवताळ माळावर येतो आणि नर मादीला दिसावे म्हणून गवतातून दिवसात शेकडो वेळा उंच उडी मारतो. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांच्या आग्रहाने १९८३ साली हे अभयारण्य झाले. आज खरमोर जगातल्या अत्यंत धोक्यातल्या पक्ष्यांत आहे आणि आपल्याकडे तर एखादा दिसला तरी बातमी होते. गवत गेले, शेती आली, हे कारण आहेच. पण दुसरेही आहे. अभयारण्यात गावांच्या जमिनी आल्या आणि त्यांच्या खरेदी-विक्रीवर वर्षानुवर्षे निर्बंध राहिले. मुलीच्या लग्नासाठी बिघाभर जमीन विकायची तर विकता येईना. त्या शेतकऱ्याला खरमोराने काय दिले? वेळासच्या काकूंकडे पाहुणे आले, सरदारपूरच्या भाऊंकडे बंदी आली. मग त्याने गवतात घरटे दिसल्यावर आनंदाने टाळ्या वाजवाव्यात, ही अपेक्षा आपण शहरात बसून कशी करायची?

आता आपल्या सहलीचे. यंदा नववीत ४१ मुले-मुली आहेत. सगळ्यांना एका बसमध्ये न नेता १४, १४ आणि १३ अशा तीन तुकड्या करून, प्रत्येकीबरोबर दोन शिक्षक देऊन, फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळासला न्यायचे ठरवले आहे. सोमवार ते गुरुवार, म्हणजे शनिवार-रविवारची गर्दी टळेल. इंदूरहून रात्रीची रेल्वे, पुढे रस्त्याने मंडणगड, राहणे दोन घरांत. संस्थेच्या बैठकीत यावर बराच वाद झाला. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "बाई, एका बसचे काम तीन वेळा करून तुम्ही पैसे वाया घालवता." खर्च वाढतो हे खरे आहे. मोठ्या गटाची सवलत जाते, माणशी जवळपास एक तृतीयांश जास्त पडते, आणि शिक्षकांचे तास बुडतात ते निराळेच. शेवटी सहा मुलांचा खर्च सहल-निधीतून आणि वाढीव रकमेतला काही भाग वार्षिक स्नेहसंमेलनाच्या मंडपातून कापायचा, असे ठरले. मंडप यंदा साधा असेल. ज्यांना ते पटत नसेल त्यांनी मला येऊन भेटावे, वर्गशिक्षकांना बोलू नये.

दुसरी अट माझी. वेळासला जाणाऱ्या प्रत्येकाने आधी सरदारपूरच्या माळावर एक सकाळ घालवायची आणि तिथल्या एका शेतकरी कुटुंबाशी बोलून वहीत दोन पाने लिहायची. पक्षी दिसला नाही तरी चालेल. त्या घरी चहा घेतला तर पैसे विचारून द्यायचे, नाही म्हणाले तर पुढच्या वेळी साखर-चहापत्ती घेऊन जायचे.

स्वाध्याय : आपल्या नेहमीच्या मांडू सहलीचा गेल्या वर्षीचा हिशेब कार्यालयातून मागून घ्या आणि त्यातला किती पैसा मांडूतल्या माणसाच्या हातात गेला, ते शोधा. बसवाला, जेवणवाला, वाटाड्या, चिंचा विकणारी आजी, सगळे मोजा. दुसरा प्रश्न, सरदारपूरच्या शेतकऱ्याला खरमोरापासून चार पैसे मिळावेत यासाठी काय करता येईल? पावसाळ्यात तिथे एका दिवसात किती माणसे न्यावीत आणि का, हा आकडा कारणासह लिहा. वह्या २० तारखेपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्याव्यात.

तुकड्यांच्या चिठ्ठ्या येत्या शनिवारी प्रार्थनेनंतर काढल्या जातील. प्रत्येकाने एक छोटा टॉर्च आणावा, मोबाईल घरी राहील. मागे ज्या मुलाच्या टॉर्चमुळे पिल्ले वळली होती तो आता दहावीत आहे, बोर्डाचे वर्ष म्हणून घरचे त्याला सोडत नाहीत. टॉर्चच्या काचेवर लावायला लाल जिलेटीन कागदाचे ४१ गोल त्याने कापून माझ्याकडे दिले आहेत. निघण्याच्या आदल्या दिवशी ते कार्यालयातून घेऊन जावेत.

आपली,
प्राचार्या