मंगलाष्टकं चालू आणि पडदा काळा

गोरेगावच्या नेस्कोत व्हिडिओच्या सामानाचं प्रदर्शन भरलं की आम्हा लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांना राहवत नाही. मीही सांगलीहून रात्रीच्या गाडीने गेलो आणि येताना वायरलेस सेट घेऊन आलो. कॅमेऱ्यावर ट्रान्समीटर, एलईडी वॉलपाशी रिसीव्हर, मधली केबल गायब. खोक्यावर छापलं होतं ३५० मीटर. आमची कार्यालयं जेमतेम ४० मीटर लांब. त्यात "सर, हा भाव फक्त आजच," हे ऐकलं आणि खिशात हात गेलाच.

पहिल्या लग्नाला सकाळी रिकाम्या कार्यालयात सेट लावून पाहिला. चित्र आरशासारखं. मुहूर्ताला सातशे माणसं उभी राहिली, एका मुठीत अक्षता, दुसऱ्या हातात उंच धरलेला मोबाइल. तिसऱ्या मंगलाष्टकाला चित्राचे चौकोन झाले, चौथ्याला पडदा काळा. मागच्यांना नवरा-नवरीऐवजी पुढच्यांची डोकी दिसली. वधूपिता काही बोलले नाहीत. मुलीच्या मामांनी मात्र पंगतीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पैसे कशाचे घेता म्हणून विचारलं.

झालं होतं ते असं. हे सेट बहुतेक ५ गिगाहर्ट्‌झवर चालतात, म्हणजे वायफायच्याच वाटेवर. माणसाच्या अंगात पाणीच जास्त, आणि या लहरी ते पाणी शोषून घेतं. सातशे माणसं म्हणजे सातशे घागरी मध्ये मांडल्यासारख्या, शिवाय प्रत्येकाच्या हातातला मोबाइल हवेत आपली भर घालतोच. खोक्यावरचे ३५० मीटर मोकळ्या मैदानातले, समोरासमोर दिसणारे. त्यात मी रिसीव्हर ठेवला होता टेबलावर, कमरेएवढ्या उंचीवर! स्टँडवर, डोक्यांच्या वर चढवला असता तरी निम्मी अब्रू वाचली असती.

आता सेट वापरतो, पण खाली एसडीआय केबल अंथरलेली असते. एचडी चित्र चांगल्या केबलवरून शंभरेक मीटर सहज जातं. एचडीएमआयच्या भरवशावर एवढं अंतर काढू नका. केबल भिंतीकडेने न्या आणि चिकटपट्टी लावा. वाढप्यांचे पाय कुणाचे नसतात.

कॅमेऱ्यांच्या स्टॉलवरही डोळे दिपू देऊ नका. '४००ची क्वालिटी' म्हणजे सेकंदाला ४०० मेगाबिट, अर्थात ५० मेगाबाइट. १२८ जीबीचं कार्ड ४२ मिनिटांत भरतं, आणि कार्डावर व्ही३० लिहिलेलं असेल तर त्याला तो वेगच झेपत नाही. हळदीपासून पाठवणीपर्यंतचा हिशेब तिथेच मोबाइलवर मांडा. जमलं तर आपलं कार्ड घालून दोन मिनिटं शूट करा आणि ती फाइल घरच्या कॉम्प्युटरवर उघडा. जुनी मशीन टेन-बिट ४:२:२ चालवताना रडतात, त्यांच्यासाठी वेगळा खर्च निघतो. तोवर आगाऊ रक्कम देऊ नका. 'आजचा भाव' बहुतेक वेळा पुढच्या आठवड्यातही मिळतो, थोडी घासाघीस करावी लागते एवढंच.

गेल्या खेपेला एका स्टॉलवर नवा वायरलेस सेट होता. मी तिथल्या पोराला म्हटलं, रिसीव्हर इथेच राहू दे, तू ट्रान्समीटर घेऊन माझ्यामागून चहाच्या काउंटरपर्यंत चल. तिथे वडापावसाठी झुंबड उडाली होती. अर्ध्या वाटेतच स्टॉलवरच्या त्याच्या जोडीदाराने हात वर केला, चित्र गेलं म्हणून.

"सर, इथे गर्दी आहे ना," पोरगा ओशाळून म्हणाला.

"आमच्याकडेही असते," मी म्हटलं, आणि दोघांसाठी चहा सांगितला.